तापट पोराला मारण्याआधी : या चुका टाळा

जग बुडालेलं आहे. सात-आठ माणसं कुठेतरी अडकलीत. त्यात एक शहाणा नायक, एक जखमी मुलगी, एक म्हातारा आणि एक पोरगा, ज्याच्या नाकावर कायम राग. तो दर दुसऱ्या पानावर कुणाची तरी कॉलर धरतो, कुणाचं न ऐकता दार उघडतो आणि मध्यंतराच्या आसपास मरतो. शॉर्टफिल्म आणि एकांकिकांच्या ज्या संहिता माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत हा पोरगा इतक्यांदा भेटलाय की तो मेला की मला हायसं वाटतं. तिथेच गाडी बिघडलेली असते. कारण हे पात्र नीट लिहिलं तर सिनेमाचा अर्धा भार एकटं उचलतं.

(पुढे काही सिनेमांतली मरणं फुटणार आहेत. पाहिले नसतील तर आधी बघून या.)

राग सगळ्यांवर, म्हणजे कुणावरच नाही

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. पोरगा नायकावर चिडतो, म्हाताऱ्यावर चिडतो, पावसावर चिडतो. लेखकाला विचारलं की ‘याला हवंय काय?’, तर उत्तर येतं, ‘तो तसाच आहे, सर.’

बाँग जून-होचा २०१३चा ‘स्नोपिअर्सर’ घ्या. पृथ्वी गोठलीय, उरलीसुरली माणसं सतत धावणाऱ्या एका गाडीत आहेत, शेवटच्या डब्यात गरीब कोंबलेत. तिथला एडगर (जेमी बेल) हा आपला तापट पोरगा. पण त्याचा राग बारकाईने बघा. त्याला जे हवंय तेच नायक कर्टिसलाही हवंय, पुढच्या डब्यांत घुसायचंय. दोघांचं वाकडं फक्त एका गोष्टीवर, कधी? एडगर म्हणतो आत्ता, कर्टिस म्हणतो थांब. एवढ्या एका शब्दावर त्याचा सगळा उतावळेपणा उभा आहे. शिवाय तो कर्टिसला देव मानतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याशीच घाई करणारा पोरगा आपल्याला लगेच ओळखीचा वाटतो. घरोघरी असतो.

तेव्हा आधी ठरवा, नायकाच्या योजनेत नेमकं कुठे याचं पटत नाही? वेळ, वाट, वाटणी, की कुणाला सोबत घ्यायचं? यातलं एकच घ्या. बाकी वेळ त्याला शांत बसू द्या. पोटात अन्न नसलेल्या माणसाला दिवसभर ओरडायला ताकद येते कुठून, हे संहिता लिहिताना कुणी विचारतच नाही.

तो मेला, पुढे काहीच बदललं नाही

एक चाचणी करा. पोरगा मरतो तो प्रसंग काढून टाका आणि पुढची पानं वाचा. काही अडलं नाही, तर तुम्ही पात्र मारलेलं नाही, नुसता बळीचा बकरा कापलाय.

किंजी फुकासाकूच्या ‘बॅटल रॉयाल’मध्ये (२०००) एका वर्गातल्या ४२ मुलांना बेटावर सोडतात. तीन दिवस, एकमेकांना मारायचं, उरेल तो एक. त्यातला नोबू. शाळेच्या व्हरांड्यात कितानो नावाच्या शिक्षकावर त्याने मागे सुरा चालवलेला असतो. बेटावर नियम समजावून सांगायला उभा कोण? तोच कितानो. मुलांच्या गळ्यात बांधलेले स्फोटक पट्टे कसे फुटतात ते दाखवायला तो नोबूचा पट्टा चालू करतो. पट्टा टिकटिक करू लागतो, नोबू घाबरून वर्गमित्रांकडे धावतो, आणि वर्ग मागे सरकतो. तो जिकडे जाईल तिकडची मुलं दूर पळतात.

माझ्या मते सिनेमातली सगळ्यात भयंकर गोष्ट स्फोट नाही, ते मागे सरकणं आहे. एका मरणात प्रेक्षकाला पट्ट्याचं तंत्र कळलं. काल एका बसमध्ये सोबत बसलेली मुलं आज एकमेकांना कशी टाळणार, हे कळलं. आणि नोबूचा जिवलग मित्र शुया याला पुढच्या सबंध सिनेमाचं काम मिळालं. नोबूचा जिच्यावर जीव होता त्या नोरिकोला जपायचं. पडद्यावर थोडाच वेळ दिसलेल्या पोराने तीन कामं केली.

जाता जाता, हा राग कुठून आला तेही सांगतो. १९४५मध्ये पंधरा वर्षांचा फुकासाकू दारूगोळ्याच्या कारखान्यात राबत होता. तोफांच्या माऱ्यात मेलेल्या सोबत्यांची प्रेतं उचलायचं काम उरलेल्या मुलांवर आलं. मोठ्यांवरचा विश्वास तिथे उडाला, असं तो पुढे सांगत असे. सत्तरीच्या दिग्दर्शकाने काढलेल्या सिनेमात पोरांचा राग इतका ताजा का, याचं उत्तर तिथे आहे.

पूर्वकथा नको तिथे

राग समजावून सांगायची आपल्याला भारी घाई. तिसऱ्या पानावर शेकोटी पेटते आणि पोरगा सांगू लागतो, ‘माझा बाप दारू प्यायचा…’ झालं, हवा गेली.

एडगरकडे परत या. कुऱ्हाडींच्या मारामारीत तो शत्रूच्या हातात सापडतो. कर्टिससमोर दोन वाटा आहेत. मागे वळून एडगरला सोडवायचं, की निसटू पाहणाऱ्या मेसनबाईला, म्हणजे गाडीच्या मालकाच्या अधिकारी बाईला, पकडायचं. कर्टिस एडगरकडे बघतो आणि मेसनच्या मागे जातो. एडगर मरतो. आपल्याला वाटतं, नेता म्हणून बरोबरच केलं. मग बऱ्याच वेळाने, इंजिनाच्या दाराशी, कर्टिस तोंड उघडतो. गाडीतल्या सुरुवातीच्या दिवसांत भुकेने माणसं माणसं खात होती. एका बाईला मारून तिचं तान्हं पोर हिसकावणारा कर्टिसच. शेवटच्या डब्यातल्या म्हाताऱ्या गिलियमने स्वतःचा हात कापून पुढे केला म्हणून ते पोर वाचलं. ते पोर म्हणजे एडगर.

पूर्वकथा पोराच्या तोंडी नाही, आणि तो जिवंत असतानाही नाही. मघाचं ‘बरोबरच केलं’ आता घशात अडकतं. एडगरने हेच रडत आधी सांगितलं असतं तर? तेव्हा पोराची कहाणी लिहून काढा जरूर, पण ती कुणाच्या तोंडी आणि किती उशिरा द्यायची ते ठरवा. कधीकधी ती न दिलेलीच बरी.

संवादात नुसता आवाज

उद्गारचिन्हं काढा. मग त्याच्या हातात एक वस्तू द्या. जॉर्ज मिलरच्या ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’मध्ये (२०१५) स्लिट नावाचं दुय्यम, भडक डोक्याचं पात्र आहे. चालक नक्स आजारी पडून रक्त घेत असतो आणि हा त्याचं स्टिअरिंग उचलतो. स्लिट कायम भालेवाला, लढाऊ गाडीच्या मागे उभा राहणारा. त्याला पुढे बसायचंय. बढतीवरून भांडणारा कारकून आणि स्लिट यांत फरक फक्त चेहऱ्यावरच्या टाक्यांचा.

मध्यंतरी एका नवख्या लेखिकेची संहिता आली होती. मुंबई पाण्याखाली, एका सोसायटीच्या गच्चीवर पाच जण, टाकीत थोडं गोडं पाणी. तिच्या विकीचा संवाद असा : ‘मी नाही ऐकणार कुणाचं! मरायचं असेल तर मरा सगळे!’ सोसायटीचे सेक्रेटरी त्याला समजावतात, तो ऐकत नाही, पुढे पाण्यात उडी मारून जातो.

तासभर डोकं लावलं. विकीच्या खिशात टाकीच्या कुलपाची किल्ली दिली. संवाद एवढाच उरला :

‘काका, काल रात्री तुम्ही दोन बाटल्या नेल्यात.’

‘अरे, हिला ताप होता.’

‘दोन. मी मोजल्यात.’

आवाज चढला नाही, पण गच्चीवरची हवा तापली. आणि गंमत म्हणजे विकी बरोबर आहे. ही आणखी एक चूक आपोआप सुटली. नायक शहाणा दिसावा म्हणून तापट पोराला दरवेळी मूर्ख ठरवायचं, ही. त्याचं निदान एकदा तरी बरोबर निघू द्या, मग चुकतो तेव्हा लागतं.

राहिलं शूटिंगचं. प्रसंग उलटसुलट क्रमाने घेतले जातात आणि नट प्रत्येक वेळी वरच्या पट्टीत लागतो. संहितेच्या समासात प्रत्येक प्रसंगासमोर रागाला एक ते पाच आकडा लिहून ठेवा. पाच फक्त एकदाच.

त्या लेखिकेने विकीला अजूनही मारलंच आहे, ऐकली नाही. पण आता तो बुडून तीन पानं झाली तरी गच्चीवरचे चौघे किल्ली कुणाकडे यावरून भांडतायत, आणि सेक्रेटरीकाका बाटल्या मोजायला बसलेत.