पिकिया यीस्टमध्ये बुरशीचे लॅकेज कसे तयार करावे

ट्रामेटेस व्हर्सिकलर ही कुजत्या लाकडावर वाढणारी बुरशी लॅकेज हे विकर पेशीबाहेर सोडते. कापडावरील रंगाच्या विरंजनासाठी ते उपयोगी असले, तरी मूळ बुरशी त्याची अनेक रूपे एकत्र बनवते. नेमके एकच रूप हवे असेल, तर त्याचे जनुक पिकिया पास्टोरिस या यीस्टमध्ये बसवणे सोयीचे ठरते. भारतात अशा कामापूर्वी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता घ्यावी.

जनुकाची इंट्रॉनरहित (इंट्रॉन म्हणजे जनुकातील, प्रथिनाचा संदेश नसलेले मधले तुकडे), म्हणजे सीडीएनए प्रत घ्यावी, कारण बुरशीचे इंट्रॉन यीस्ट अचूक कापून टाकेलच असे नाही. तिचा मूळ स्राव-संकेत (प्रथिन पेशीबाहेर पाठवणारा भाग) काढून ती पीपीआयसीझेड-अल्फा या प्लास्मिडमधील, म्हणजे जनुक वाहून नेणाऱ्या वर्तुळाकार डीएनएमधील, अल्फा-फॅक्टर या यीस्टच्या स्राव-संकेताला वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांच्या वाचनाची रांग) सांभाळून जोडावी. हे प्लास्मिड सॅक-१ या डीएनए कापणाऱ्या विकराने कापून रेषीय करावे. जनुकातच सॅक-१ची जागा असेल, तर पीएमई-१ हे तसेच दुसरे विकर वापरावे. १ मोलर सॉर्बिटॉलने धुतलेल्या पेशींमध्ये ते विद्युत-स्पंदाने सोडावे आणि पेशी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर झिओसिन (प्लास्मिड न शिरलेल्या पेशी मारणारे प्रतिजैविक) असलेल्या पात्रांवर पसरून अंधारात वाढवाव्यात.

उगवलेली प्रत्येक वसाहत सारखेच विकर देत नाही, कारण जनुकाच्या किती प्रती गुणसूत्रात बसल्या हे वसाहतीगणिक बदलते. म्हणून अनेक वसाहती एबीटीएस (लॅकेजमुळे हिरवे होणारे रसायन), तांबे आणि बसवलेले जनुक चालू करणारे मिथेनॉल असलेल्या माध्यमावर ठेवून, ज्यांच्याभोवती हिरवे वलय लवकर व गडद उमटेल त्या निवडाव्यात. मिथेनॉल उडून जात असल्याने ते पात्राच्या झाकणात रोज थोडे घालावे.

माझ्या मते खरी कसोटी यापुढे, संवर्धनात आहे. निवडलेली वसाहत आधी ग्लिसरॉलयुक्त माध्यमात २८ ते ३० अंश सेल्सिअसला वाढवावी, मग पेशी वेगळ्या करून त्या मिथेनॉलयुक्त माध्यमात घालाव्यात आणि दर २४ तासांनी ०.५ टक्के मिथेनॉल द्यावे. लॅकेजच्या प्रत्येक रेणूला तांब्याचे चार अणू लागतात. ते मिळाले नाहीत, तर प्रथिन भरपूर दिसूनही क्रियाशीलता नगण्य राहते, म्हणून साधारण ०.१ ते ०.५ मिलिमोलर कॉपर सल्फेट सुरुवातीपासूनच घालावे. मिथेनॉल दिल्यानंतर तापमान २० अंशांपर्यंत उतरवावे. वाढ मंदावते, तरीही हा बदल टाळू नये, कारण थंड संवर्धनात प्रथिनाची घडी नीट पडते आणि प्रोटिएजमुळे, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांमुळे, होणारे नुकसान घटते. सामू घसरू देणे तितकेच घातक आहे. माध्यमात पुरेसे फॉस्फेट बफर ठेवून तो ६च्या आसपास राखावा. मिथेनॉलच्या ऑक्सिडीकरणाला खूप ऑक्सिजन लागत असल्याने चंबू एक-पंचमांशापेक्षा अधिक भरू नये.

दररोज नमुना घेऊन पेशी काढून टाकाव्यात आणि द्रवाची क्रियाशीलता एबीटीएसने, आम्लीय बफरमध्ये, ४२० नॅनोमीटरवर मोजावी. जनुकाविना प्लास्मिड असलेल्या यीस्टचे संवर्धन तशाच तांब्यासह शेजारी चालवावे. त्याशिवाय दिसणारा रंग विकराचाच आहे असे म्हणता येत नाही. क्रियाशीलता शिखरावर पोहोचताच संवर्धन थांबवून द्रव गाळावा, गाळणपटलाने संहत करावा आणि ४ अंशांवर ठेवावा. जंतू वाढू नयेत म्हणून त्यात सोडियम अझाइड मात्र घालू नये, कारण ते लॅकेजमधील तांब्याला चिकटून विकरच बंद पाडते. निर्जंतुक गाळणीतून गाळणे पुरेसे आहे.