आर्निस शिकवावे कसे आणि जपावे कसे

आर्निस, एस्क्रिमा किंवा काली या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या फिलिपिन्सच्या काठी-पात्याच्या विद्येत एखाद्या जुन्या वस्तादाचा वारसा हाती आला, की प्रशिक्षक बहुधा सर्वांत आधी वारांची आणि डावांची यादी करायला बसतो. यादी हवीच, परंतु यादीत उतरते ती या विद्येची सर्वांत सोपी बाजू. शिष्यासमोर उभे राहून त्याला पेलेल असा वार द्यायचा, त्याच्या उत्तरावर पुढचा वार द्यायचा आणि तो चुकेल तिथे त्याला इजा न करता चूक दाखवून द्यायची, ही हातोटी कागदावर उतरत नाही, आणि वस्ताद गेला की आधी तीच हरवते. म्हणून शिकवण्याची आणि जपण्याची सुरुवात तिथूनच करावी.

फिलिपिन्सच्या सेबू बेटावरील बालिंतावाक या शाखेचे उदाहरण घेण्यासारखे आहे. व्हेनान्सिओ बाकोन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ही शाखा उभी केली आणि ज्या रस्त्यावरच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानामागे तालीम चाले, त्या रस्त्याचेच नाव तिला मिळाले. येथे शिकवण्याच्या रीतीला ‘अगाक’ म्हणतात. सेबुआनो भाषेत या शब्दाचा अर्थ हाताला धरून वाट दाखवणे असा आहे. गुरू आणि शिष्य हाताच्या अंतरावर समोरासमोर उभे राहतात. गुरू शिष्याच्या डाव्या कानशिलाकडे तिरपा वार आणतो, शिष्य तो काठीवर घेतो, त्याच वेळी काठी नसलेला डावा हात गुरूच्या मनगटावर टेकवतो आणि उलट वार करतो. गुरू तो अडवून शिष्याचा हात बाजूला सारतो आणि न थांबता पुढचा वार देतो. सुरुवातीला हे सगळे इतके संथ चालावे, की शिष्याला प्रत्येक स्पर्श मोजता यावा. शिष्याचा डावा हात मागे राहिला, तर गुरूने बोलून सांगू नये. त्या मोकळ्या जागेतून काठी हलकेच आत नेऊन ती त्याच्या बरगडीला टेकवावी. शिष्याला जे कळायचे ते तेवढ्यात कळते.

वेग केव्हा वाढवायचा, हा सर्वस्वी गुरूच्या नजरेचा प्रश्न आहे. शिष्याचा श्वास अडकू लागला, खांदे वर चढले किंवा तो वार येण्याआधीच हात उचलू लागला, तर वेग उतरवावा. आधीच उचललेला हात हे तयारीचे नव्हे, पाठांतराचे लक्षण आहे. अशा वेळी क्रम मोडून अनपेक्षित वार द्यावा.

बाकोन शिकवत त्या पद्धतीत ठरावीक क्रम नव्हता. पुढे होसे व्हिलासिन आणि तेओफिलो वेलेझ यांनी हे शिक्षण वार-प्रतिवारांचे गट पाडून मांडले, त्यामुळे ते अधिक लोकांना आणि कमी वेळात देता येऊ लागले. मला हा बदल योग्य वाटतो, पण त्याची किंमतही मोजावी लागते: गट पाठ झाले म्हणजे विद्या आली, असा समज शिष्याच्या मनात सहज रुजतो. म्हणून प्रत्येक गट शिकवून झाल्यावर काही वेळ क्रमाविना वार द्यावेत आणि ही सवय पहिल्या महिन्यापासूनच लावावी.

साधनांविषयी थोडक्यात सांगता येईल. सरावाची काठी वेताची, सुमारे ७० सेंटीमीटर लांबीची असावी. वेत भरीव असल्यामुळे तो आघात पचवतो आणि तुटण्याऐवजी त्याचे तंतू सुटत जातात. कामागोंगसारख्या कठीण लाकडाची काठी नवशिक्यांच्या जोडीत देऊ नये.

इजेचा प्रश्न मात्र शिक्षणाच्या मुळाशी जातो. जुन्या रीतीत वार करणाऱ्याच्या हातावरच मारायचे, म्हणजे सापाचा दातच पाडायचा, असा दंडक होता. रेमी प्रेसास यांनी ‘आधुनिक आर्निस’ (मॉडर्न आर्निस) या आपल्या शाखेची मांडणी करताना सरावात हाताऐवजी काठीवर काठी मारण्याची रीत रूढ केली, कारण दुखावलेली बोटे घेऊन शिकणारे टिकत नव्हते. ही सोय स्वीकारावी, पण ती सोय आहे हे शिष्याला दर वेळी सांगावे आणि हातमोजे घालून मूळ लक्ष्यावरचा सरावही अधूनमधून घ्यावा. अन्यथा दोन पिढ्यांनंतर काठीवर काठी वाजवणे हाच हेतू ठरतो.

खेळाच्या बाबतीतही हीच दक्षता लागते. ११ डिसेंबर २००९ रोजी मंजूर झालेल्या प्रजासत्ताक कायदा क्रमांक ९८५० ने आर्निसला फिलिपिन्सची राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवले आणि ‘पालारोंग पाम्बान्सा’ या शालेय क्रीडास्पर्धेत पहिल्या दिवशी पहिली स्पर्धा आर्निसची घेण्याची तरतूद केली. त्यामुळे मुले मोठ्या संख्येने येतात. त्यांना स्पर्धेसाठी तयार करावे, परंतु गुणांच्या हिशेबात न बसणारे भाग, विशेषतः लांब-आखूड शस्त्रांचा ‘एस्पादा इ दागा’ आणि निःशस्त्र झोंबीचा ‘दुमोग’, यांचा वेळ स्पर्धेच्या हंगामातही राखून ठेवावा.

आता नोंदीकडे वळू. वारांचे क्रमांक आपल्या वस्तादाचे होते तसेच लिहावेत. आधुनिक आर्निसमध्ये पहिला वार डाव्या कानशिलावर, दुसरा उजव्या कानशिलावर आणि बारावा डोक्याच्या मध्यावर असतो. अन्य शाखांत क्रम वेगळा असतो, आणि तो जुळवून घेण्याचा मोह टाळलाच पाहिजे, कारण पुढचे सगळे डाव त्या क्रमांकांनीच बोलावले जातात. शब्दही मूळ भाषेत ठेवून त्यांच्यापुढे अर्थ लिहावा. ‘सिनावाली’ हा दोन काठ्यांच्या सरावासाठीचा शब्द बांबूच्या विणलेल्या तट्ट्याच्या ‘सावाली’ या नावावरून आला आहे, आणि हे सांगितल्यावर दोन काठ्या एकमेकींच्या वर-खाली कशा जाव्यात हे निम्मे समजून जाते. ‘आबानिको’ म्हणजे हातपंखा. या नावाच्या वारात मनगट त्याप्रमाणेच फिरते. (‘गुरो’ हा तागालोग शब्द तर संस्कृत ‘गुरु’ शब्दापासूनच आला आहे.)

चित्रीकरण करताना वस्तादाचे तरबेज शिष्यासोबतचे प्रात्यक्षिक टिपण्यावर समाधान मानू नये. तो अगदी नवख्या मुलाला शिकवतो तो पूर्ण तास टिपावा, एक कॅमेरा बाजूने आणि दुसरा शिष्याच्या खांद्यामागून, पावले दिसतील असा ठेवावा, आणि चुका व थांबे कापू नयेत. आन्तोनिओ इलुस्त्रिसिमो या वस्तादांनी आयुष्याचा मोठा काळ खलाशी म्हणून काढला आणि उतारवयात मनिलामध्ये शिष्य घेतले. त्यांच्या विद्येची क्रमवार मांडणी शिष्यांनी केली. अशा मांडणीत गुरूचे काय आणि आपले काय, हे प्रत्येक पानावर वेगळे दाखवावे. परंपरा सांगतानाही वस्तादाने ज्यांची नावे स्वतः सांगितली तिथवरच जावे. मॅगेलन मारला गेला त्या १५२१ च्या माक्तानच्या लढाईपर्यंत आपली शाखा नेऊन भिडवण्याची गरज नाही, आणि कथा असतील तर त्या कथा म्हणून जपाव्यात.

नोंद पुरी झाली असे वाटले, की ती वस्तादाला कधीही न भेटलेल्या एखाद्या जाणत्या शिष्याच्या हाती द्यावी आणि केवळ तिच्या आधारे त्याला एका नवशिक्याला वार द्यायला सांगावे. तो जिथे अडखळेल ती जागा लिहून घ्यावी, आणि वस्तादाच्या हाती अजून काठी आहे तोवर तेवढाच भाग त्याच्याकडून पुन्हा करून घेऊन टिपावा.