झुरळांवर स्प्रे नको, जेल लावा

जुन्या इमारतीत एका घराने स्प्रे मारला की झुरळं डक्टमधून शेजारच्या स्वयंपाकघरात सरकतात आणि वास ओसरला की परत येतात. आधी झुरळ कोणतं ते बघा. मोठं, तांबूस असेल तर बहुधा गटारातलं. मोरीची जाळी रात्री झाकून ठेवा, पाइप भिंतीत शिरतो तिथली फट पांढऱ्या सिमेंटने बुजवा. लहान, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ मात्र घरातच वाढतं, आणि खरा ताप त्याचाच. मादी ३०-४० अंड्यांची पिशवी अंगावरच वागवते. इथे जेल (झुरळं खाऊन मरतात ते विषारी आमिष) उपयोगी: अगदी बारीक ठिपके, ट्रॉलीच्या बिजागरीपाशी, फ्रिजच्या मागे, सिंकखालच्या कोपऱ्यात; लहान मुलांचा हात पोहोचणार नाही असे. त्यावर फिनेल किंवा स्प्रे मारला तर झुरळं जेलला तोंड लावत नाहीत. (कामाच्या मावशींनाही सांगा, नाहीतर ठिपके पुसले जातात.) दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा लावा, तोवर नवी पिल्लं बाहेर आलेली असतात. एकाच उभ्या लाइनीतल्या सगळ्या घरांनी एकाच दिवशी केलं तर उत्तम. सोसायटीची मीटिंग होईपर्यंत थांबू नका, निदान वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना गाठा.