डॉक्टर वेगळ्या भाषेचा, वेगळ्या समाजाचा असेल तर आपलं म्हणणं त्याच्यापर्यंत कसं पोचवायचं

काही वर्षांपूर्वी मी मावशीबरोबर एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले होते, परक्या देशात, दुभाषी म्हणून. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय. मावशी म्हणाली, "जीव नकोसा झालाय गं." आणि मी डॉक्टरांना सांगितलं की हिला फार थकवा येतो. मला खोटं बोलायचं नव्हतं हो, पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघेचना, शेजारी माझी सख्खी मावशी बसलेली, हातातल्या रुमालाची कड बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय. डॉक्टरांनी थकवा लिहून घेतला, रक्ताच्या टेस्ट सांगितल्या आणि आम्ही बाहेर. पुढचे तीन महिने तिने तसेच काढले.

म्हणून हे लिहितेय. ज्यांचा डॉक्टर किंवा काउन्सेलर वेगळ्या भाषेचा, वंशाचा, धर्माचा, जातीचा आहे त्या सगळ्यांसाठी. पण आधी एक, आत्ता या क्षणी मरायचे विचार येत असतील तर योग्य थेरपिस्ट शोधत बसू नका, जवळच्या माणसाला सांगा आणि सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा तिथल्या हेल्पलाइनला फोन करा. बाकीचं सगळं नंतर.

जायच्या आधी कागद घ्या आणि आपल्या भाषेत लिहा. डिप्रेशन, अँग्झायटी असले शब्द नकोत, ते नाव शोधणं डॉक्टरचं काम आहे. तुम्ही लिहायचं ते छातीत धडधडतं, डोक्यात विचारांचं मोहोळ उठतं, पोटात गोळा येतो, कशात जीव रमत नाही. घरी बोलताना जसं निघतं तसंच. आर्थर क्लाइनमन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1970 च्या दशकात पेशंटला विचारायचे काही साधे प्रश्न मांडले, ते मला अजून फार कामाचे वाटतात: या त्रासाला तुम्ही काय नाव देता, तो कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं, तेव्हाच का सुरू झाला, त्यातलं सगळ्यात जास्त भय कशाचं वाटतं. या चारांची उत्तरं लिहून नेली तरी अर्धं काम होतं. आणि कारण म्हणून नजर लागली, करणी झाली, देवाचा कोप झाला असं घरात कोणी म्हणत असेल तर तेही लिहा. लाजू नका. तुम्ही लपवलंत तर डॉक्टरला कळणारच नाही की गोळ्या अर्ध्यावर का बंद झाल्या.

अंगाच्या तक्रारी सांगायला खूप लोक बिचकतात, डॉक्टर आपल्याला अडाणी समजेल म्हणून. तर ऐका, 14 देशांमधल्या डिप्रेशनच्या 1146 पेशंटचा एक मोठा अभ्यास 1999 साली छापून आला, त्यात दोन तृतीयांशाहून जास्त लोक डॉक्टरकडे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन गेले होते. आशिया, आफ्रिका, युरोप, अमेरिका, सगळीकडचे लोक होते त्यात. तेव्हा पोटातला गोळा पोटातला गोळा म्हणूनच सांगा, फक्त पुढे एवढं जोडा की तो कधी येतो, कोणाचा विषय निघाला की येतो.

पहिल्या भेटीत तुम्हीही प्रश्न विचारायचे असतात, हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नसतं. सरळ विचारा, माझ्यासारख्या पार्श्वभूमीचे लोक तुमच्याकडे येतात का, आणि एखादी गोष्ट तुम्हाला समजली नाही तर तुम्ही काय करता. चांगला माणूस म्हणेल, मी तुम्हालाच विचारेन. वाईट उत्तरं दोन प्रकारची असतात. एक, "मी कोणाचा रंग, धर्म वगैरे बघतच नाही", म्हणजे तुमच्या आयुष्याचा मोठा तुकडा न बघताच उपचार करणार. दुसरं, "तुमच्याकडे कुटुंबाचं प्रेशर असतंच ना", म्हणजे तुम्ही तोंड उघडायच्या आधीच तुमची गोष्ट त्यांना माहितीय. मला दुसरं जास्त घातक वाटतं, कारण ते सहानुभूतीच्या आवाजात येतं आणि आपण मान डोलावून मोकळे होतो.

2013 साली आलेल्या डीएसएम-5 मधे, म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानाच्या पुस्तकात, याच कामासाठी 16 प्रश्नांची एक मुलाखत दिलेली आहे, कल्चरल फॉर्म्युलेशन इंटरव्ह्यू. त्यात घरच्यांना तुम्ही हा त्रास कसा सांगाल हे विचारतात आणि शेवटी हेही विचारतात की पार्श्वभूमी वेगळी असल्यामुळे आपला गैरसमज होईल अशी काळजी वाटते का. नेटवर फुकट मिळते. डॉक्टर स्वतःहून घेत नसतील तर मागा, हक्काने मागा.

आता दुभाष्याचं. घरचं माणूस नको, आणि लहान मूल तर अजिबात नको, आईचं दुःख पोराच्या तोंडून वदवून घेणं हा त्या दोघांवरही अन्याय आहे. अपॉइंटमेंट घेतानाच ट्रेन्ड दुभाषी मागा, पुष्कळ ठिकाणी फोनवर किंवा व्हिडिओवर मिळतो. नुसती भाषा सांगू नका, बोली सांगा, बाई हवी की पुरुष तेही सांगा. ओळखीतला निघाला तर बदलून मागा. आणि सुरुवातीलाच दुभाष्याला म्हणा की माझं वाक्य गोड करू नका, छोटं करू नका, शब्दाला शब्द नसेल तर तसं डॉक्टरना सांगा. मावशीच्या दुसऱ्या भेटीत फोनवर एक अनोळखी बाई होत्या. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाल्या की याचा अर्थ कंटाळा असाही होतो आणि मरावंसं वाटणं असाही होतो, तुम्ही विचारून घ्या. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, मरावंसं वाटतं का. मावशी म्हणाली, "मरायचं नाही हो, पण सकाळी उठायचं कशासाठी ते कळत नाही." मी बाहेर बाकावर होते, हे मला तिनेच नंतर सांगितलं. त्या एका प्रश्नाने उपचार सुरू झाले.

चुकीच्या निदानाची भीती खोटी नाही. 1851 साली सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने गुलामगिरीतून पळून जाणाऱ्या काळ्या माणसांना ड्रापेटोमॅनिया नावाचा आजार आहे असं लिहिलं होतं, म्हणजे सुटायची इच्छा हाच वेडेपणा. हे जुनं झालं म्हणावं तर इंग्लंडमधे आजही काळ्या लोकांना मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल करायचं प्रमाण गोऱ्यांच्या कितीतरी पट आहे, आणि अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने आपल्या क्षेत्रातल्या वंशवादाबद्दल माफी मागितली ती 2021 मधे. तेव्हा सावध राहणं म्हणजे संशयी असणं नव्हे. तुमच्या घरात मोठ्यांच्या डोळ्यात डोळे घालून बोलत नाहीत, किंवा गेलेल्या माणसाचा आवाज काही दिवस ऐकू येणं कोणी आजार मानत नाही, तर हे आधीच बोलून टाका, नाहीतर फाइलमधे भलतंच लिहिलं जाऊ शकतं. निदान सांगितलं की विचारा, कशावरून ठरवलंत, दुसरं काय असू शकतं. पटलं नाही तर सेकंड ओपिनियन. पीएचक्यू-9 सारखा, डिप्रेशन किती आहे ते मोजणारा 9 प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला तर नुसत्या मार्कांवर थांबू देऊ नका, जो प्रश्न तुम्हाला लागू पडत नाही तो बोट ठेवून दाखवा. आणि त्रासाचं मूळच भेदभाव असेल, ऑफिसात, शाळेत, रस्त्यावर, तर तेही सांगा आणि समोरच्याचा चेहरा बघा. "तुमचा गैरसमज झाला असेल" हे वाक्य लगेच आलं तर दुसरा माणूस शोधायला लागा.

औषधांबद्दल थोडं. पूर्वज कुठले ते सांगा. उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, म्हणजे फिट्सवर आणि मूडच्या काही आजारांवर देतात ती गोळी, तिने काही लोकांना त्वचेची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते, त्या रिअ‍ॅक्शनशी जोडलेला एचएलए-बी 1502 हा जनुकाचा प्रकार आशियाई वंशाच्या लोकांत जास्त सापडतो आणि गोळी सुरू करायच्या आधी त्याची टेस्ट करता येते. वंश हा इथे फक्त अंदाज आहे, खरं उत्तर टेस्टच देते. घरात कोणाला कुठल्या गोळीने त्रास झाला असेल तर तेही सांगा, आणि जडीबुटी, काढे चालू असतील तर नावासकट सांगा. चालू गोळी मनाने बंद करू नका.

आपल्याच समाजाचा थेरपिस्ट मिळाला की प्रश्न संपला असंही नाही. कधी उलट होतं, बातमी घरी पोचेल या भीतीने तोंडच उघडत नाही. त्याला पहिल्याच दिवशी विचारा, मी इथे येते हे कोणाकोणाला कळतं, फाइल कोण बघतं. पण शब्द ओळखीचे असले की किती फरक पडतो ते झिम्बाब्वेत दिसलं. तिथे डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञांनी 2006 मधे फ्रेंडशिप बेंच सुरू केलं, दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक आणि त्यावर ट्रेनिंग घेतलेल्या आज्या. त्या डिप्रेशन म्हणत नाहीत, शोना भाषेतला कुफुंगिसिसा हा शब्द वापरतात, म्हणजे फार विचार करत राहणं. 2016 मधे छापलेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा या बाकावर आलेल्या लोकांची लक्षणं जास्त कमी झालेली दिसली.

तीन-चार भेटी द्या. मग स्वतःला विचारा, मी इथे समजावण्यात जास्त वेळ घालवतेय की बोलण्यात. समजावण्यातच जात असेल तर बदला, "मला दुसऱ्या कोणाला भेटायचंय, नाव सुचवाल का" एवढंच म्हणायचं, कारण द्यायची गरज नाही. जाताना फाइलची कॉपी मागून घ्या आणि घरी बसून वाचा, तुमचं वाक्य बदललेलं दिसलं तर दुरुस्ती नोंदवायला सांगा. आम्ही सांगितली. मावशीच्या पहिल्या भेटीच्या नोंदीत थकवा या शब्दाखाली आता तिचं खरं वाक्य आहे, तिच्या भाषेत, पुढे अर्थ, आणि त्या दिवशीची तारीख.