अकरा महिन्यांचा करार संपताना: बेळगावात घरभाड्याची बोलणी कशी करावी

करार संपायला दोन महिने असतानाच बोलणी सुरू करा. शेवटच्या आठवड्यात मालक "आता चौदा हजार" म्हणाले, तर दुसरं घर शोधायला तुम्हाला वेळ उरत नाही, आणि हे त्यांनाही कळतं.

आधी जुना करार काढा

वाढ किती टक्के लिहिली आहे, घर सोडायची नोटीस किती दिवसांची, रंगासाठी डिपॉझिटमधून किती कापणार, हे तीन मुद्दे शोधा. आपल्याकडे करार बऱ्याचदा कन्नडमध्ये असतो. त्यात 'बाडिगे' म्हणजे भाडं, 'ठेवणी' म्हणजे डिपॉझिट, 'मुंगड' म्हणजे अ‍ॅडव्हान्स. 'शेकडा' मात्र आपलाच. लिपी येत नसेल तर सहीआधी जाणकाराकडून प्रत्येक ओळ वाचून घ्या. मालकांनी तोंडी सांगितलेला अर्थ आणि कागदावरचा मजकूर वेगळा निघाला, तर कागदच धरला जातो.

भागातला खरा दर

जाहिरातीतलं भाडं हे मागितलेलं भाडं असतं, ठरलेलं नव्हे. गेल्या सहा महिन्यांत त्याच इमारतीत किंवा गल्लीत राहायला आलेल्यांना विचारा. टिळकवाडीतल्या फ्लॅटची तुलना वडगावातल्या घराशी करू नका. मजला, पार्किंग, मेंटेनन्स आणि नळाला पाणी किती दिवसांनी येतं, हे सगळं सारखं असेल तरच तो आकडा कामाचा.

मालकांच्या बाजूने हिशेब

समजा भाडं १२,००० आहे आणि मालक १४,००० मागतात. ही वाढ साडेसोळा टक्क्यांहून जास्त झाली. तुम्ही ५ टक्के वाढ धरून १२,६०० देऊ करता. फरक महिन्याला १,४००, म्हणजे ११ महिन्यांत १५,४००. आता तुम्ही घर सोडलं आणि ते एकच महिना रिकामं राहिलं, तरी मालकांचे १४,००० बुडतात. उरलेले १,४०० रंगाच्या पहिल्या डब्यातच जातात. एजंटची दलाली वेगळीच. हा हिशेब कागदावर मांडून सोबत न्या, पण धमकीसारखा वापरू नका.

वेळेचाही फरक पडतो. मे-जूनमध्ये शाळा-कॉलेजमुळे घरांना मागणी असते, तेव्हा मालकांची बाजू भक्कम. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात सामान हलवायला कुणी तयार नसतं, त्या वेळी रिकामं घर भरायला वेळ लागतो.

बोलताना

व्हॉट्सअ‍ॅपवर नको, घरी जाऊन बोला. "काका, अकरा महिन्यांत भाडं एकदाही चुकलं नाही. आम्हाला इथंच राहायचंय. १२,६०० ठेवूया का?" एवढं म्हणून थांबा. उत्तर यायच्या आतच आपणहून "बरं, तेरा करा" म्हणणं ही सर्रास होणारी चूक.

आकडा हललाच नाही, तर दुरुस्ती मागा. आपल्या पावसात गच्चीखालच्या भिंतीला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. पावसाळ्यातच तारखेसह फोटो काढून ठेवा. वॉटरप्रूफिंग मे अखेरपर्यंत करून देण्याची अट करारात लिहून घ्या. नुसतं "करून देऊ" म्हटलेलं पुढच्या पावसापर्यंत विसरलं जातं.

विजेचा मीटर स्वतंत्र आहे का, हेही याच बैठकीत काढा. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या २०० युनिटपर्यंतच्या मोफत वीज योजनेसाठी भाडेकरूलाही हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) आपल्या आधारला जोडता येतो. पण एका मीटरवर दोन-तीन कुटुंबं असली, की वापर २०० युनिटच्या पुढे जातो आणि अख्खं बिल भरावं लागतं. म्हणूनच स्वतंत्र मीटर मिळत असेल तर भाड्यात दोनशे-तीनशे जास्त देणंही परवडू शकतं.

कागद

ठरलं की नवा करार ई-स्टॅम्पवर करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, म्हणून ११ महिन्यांची पद्धत पडली. नव्या करारात जुन्या डिपॉझिटची रक्कम आणि ते कधी दिलं याची तारीख पुन्हा लिहा. हे राहून गेलं, तर घर सोडताना "डिपॉझिट कुठं लिहिलंय?" हा प्रश्न येतो आणि जुना करार तोवर सापडत नाही.

मुदत संपली, नवा कागद झाला नाही आणि मालक भाडं घेत राहिले, तर राहणं सहसा महिन्या-महिन्याचं धरलं जातं. वेगळं काही ठरलेलं नसेल, तर अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार १५ दिवसांच्या नोटिशीवर घर सोडायला सांगता येतं. तेव्हा बोलणी लांबली तरी भाडं बँकेतूनच भरा आणि नव्या कराराची तारीख मालकांकडून पक्की करून घ्या.