उबंटू घरी वापरताय? अपडेटच्या बाबतीत या चुका टाळा

२०२३च्या दिवाळीत मावशीच्या लॅपटॉपवर मी उबंटू (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) २३.१० टाकून दिलं. तेव्हा तेच सगळ्यात नवं होतं, म्हणून तेच चांगलं असं मी धरून चाललो. चूक माझी होती. २३.१०ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार होत्या त्या फक्त जुलै २०२४पर्यंत, म्हणजे जेमतेम ९ महिने. त्यानंतरही मावशी त्याच लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करत होती. पडद्यावर सूचना आली की बंद करायची, कारण 'काही विचारलं तर बंद करून टाक' असं मीच तिला सांगितलं होतं.

आवृत्तीचा आकडा वाचायला सोपा आहे. २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे दीर्घ मुदतीची) आवृत्ती येते आणि ती ५ वर्षं सांभाळली जाते. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्त्या हौशी लोकांनी जरूर वापराव्यात. घरच्यांच्या लॅपटॉपवर मात्र एलटीएसच हवी. लिनक्स मिंट या दुसऱ्या लोकप्रिय सिस्टीमची मुख्य आवृत्तीही उबंटूच्या एलटीएसवरच उभी असते.

दुसरी चूक मला जास्त गंभीर वाटते: सगळ्या सूचनांना एकच उत्तर देणं. सुरक्षा-दुरुस्तीची सूचना आली की त्याच दिवशी ती करून टाका. वॉनाक्राय, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो व्हायरस, आठवतंय? विंडोजमधल्या त्या भगदाडाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७मध्ये दिली होती, हल्ला झाला १२ मे रोजी. दोन महिने हातात असूनही ज्यांनी ती बसवली नाही, ते सापडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं कामकाज त्यात कोलमडलं.

'नवी आवृत्ती आली आहे' ही सूचना वेगळी. तिथे घाई नको. २४.०४ एप्रिलमध्ये आली, तरी २२.०४ वापरणाऱ्यांना ती ऑगस्टअखेर २४.०४.१ ही तिची पहिली सुधारित आवृत्ती आल्यानंतरच देऊ केली गेली. तेवढ्या काळात सुरुवातीच्या चुका निस्तरल्या जातात. कुठेतरी वाचलेली कमांड देऊन त्याआधीच उडी मारू नका. आवृत्ती बदलण्यापूर्वी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, चार्जर लावून ठेवा.

'सपोर्ट संपला' ही सूचना मात्र टाळता येत नाही. २०.०४ची पाच वर्षं मे २०२५मध्ये संपली. लगेच बदलणं जमत नसेल तर उबंटू प्रो ही वाढीव मुदतीची सेवा घ्या; घरगुती वापराच्या ५ मशीनपर्यंत ते फुकट आहे आणि सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १० वर्षांपर्यंत जाते.

अपडेट अडलं तर? 'बूट'मध्ये (सिस्टीम सुरू करणाऱ्या फाइलींच्या जागेत) जागा नाही असं दिसलं, तर बहुधा जुने कर्नल, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याच्या जुन्या प्रती, साठलेले असतात. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'sudo apt autoremove' चालवा. 'लॉक मिळत नाही' म्हटलं, तर मागे दुसरं अपडेट चालू असतं. थांबा, लॉकची फाइल उडवू नका. ४०४चा (फाइल सापडली नाही, या त्रुटीचा) मारा सुरू झाला तर आवृत्तीची मुदत संपून गेली नाही ना ते आधी तपासा. मावशीच्या लॅपटॉपवर नेमकं हेच झालं होतं. आणि ब्राउझरच्या पानावर उगवलेल्या 'तुमचं सॉफ्टवेअर जुनं झालंय' या खिडकीवर कधीच क्लिक करू नका. खरं अपडेट सिस्टीमच्या स्वतःच्या अपडेटरमधून येतं.

मावशीकडे आता २४.०४ आहे. नवी काही सूचना दिसली की मावशी ती बंद करत नाही, फोनने त्या सूचनेचा फोटो काढून मला पाठवते.