कुंतीचं कुंपण खालपासून कसं भरलं

गंगापूर रोडवरच्या आमच्या घराला आडोसा म्हणून कुंती, म्हणजे सुवासिक पांढऱ्या फुलांची झुडपं, होती. वर हिरवीगार, खाली नुसते खराटे. रस्त्यावरून थेट ओटा दिसायचा. जूनमध्ये पाऊस लागल्यावर सगळी ओळ गुडघ्याएवढी छाटली. जिवावर आलं, पण बुंध्यापासून फुटवे आले. आता छाटताना तळ रुंद, माथा अरुंद ठेवतो, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं.

पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायच्या, ती लोहाची कमतरता. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. द्राक्षबागेत देतात तसं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, दिलं, शेणखत घातलं. कुंती लिंबाच्याच कुळातली, म्हणून कोवळ्या पालवीवर सिट्रस सिला ही रस शोषणारी बारीक कीड आहे का ते बघत राहायचं. कळ्या दिसल्या की मात्र कात्री बंद. तो सुगंध कशाला घालवायचा?